ठिणगीची वाट

माझ्याजवळ एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. माझ्या पत्नीच्या मते हे वाक्य उलटे आहे. गाडी माझ्याजवळ नसून मी गाडीजवळ असतो. रविवारी सकाळी उघड्या बॉनेटखाली वाकलेली पाठ दिसली, की आमच्या गल्लीतले लोक मास्तर घरी आहेत असे धरून चालतात. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. मॅट्रिक झालो, जळगावच्या एका शाळेत मास्तर झालो आणि रात्रीच्या निवांत वेळी कादंबऱ्या लिहू लागलो. यंत्रविद्येशी माझा संबंध या गाडीपुरताच. पण तेवढ्या संबंधातूनही एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस मी करीत आहे. जी वस्तू किंवा जे माणूस आपण ओळखलेलेच नाही, ते दुरुस्त करायला हात घालण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

पद्मिनीची ओळख जुन्या वाचकांना करून द्यायला नको. वालचंद हिराचंदांच्या प्रेरणेने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या धर्तीची ही गाडी वर्षानुवर्षे बाहेर पडत राहिली. तिचे उत्पादन थांबून आता वीस वर्षांवर काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यांवरची तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. माझी गाडी मात्र अजून चालते; निदान मी तसे म्हणतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या आधी आठ दिवस गाडी 'मिसिंग' मारू लागली. चार सिलिंडरांपैकी एखाद्यात पेट्रोल पेटेनासे झाले, की इंजिन लंगडते आणि गाडी उचक्या दिल्यासारखी चालते. त्याला मेकॅनिक लोक मिसिंग म्हणतात. मी विचार केला, पेट्रोल पेटवण्याचे काम प्लगचे. पेटत नाही, त्या अर्थी प्लग निकामी झाला. मी बाजारातून चार नवे प्लग आणले, प्लगपान्याने जुने काढून नवे बसवले आणि हात पुसत घरात आलो. गाडी चौकापर्यंत नीट गेली. पुढे चढ लागताच पुन्हा उचक्या. मी दुकानदाराला नावे ठेवली. प्लगच खोटे दिले असतील, असे मी घरात ठासून सांगितले.

पाडव्याला आम्ही धुळ्याला निघालो. माझी बहीण देवपुरात राहते आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. जळगाव ते धुळे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. बांभोरीजवळ गिरणेचा पूल ओलांडायचा, मग पाळधी, एरंडोल, पारोळा आणि धुळे. निघायला दिवेलागण झाली. हवा दमट होती, दुपारी अवकाळी सर येऊन गेली होती. एरंडोलपर्यंत गाडी कशीबशी आली. पारोळा जवळ आल्यावर तिने असा काही धरणे धरल्याचा आविर्भाव केला, की मला ती रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. समोरच एक गॅरेज होते. पाडवा म्हणून बंद, दारात पणत्या लावलेल्या. शेजारच्या चहावाल्याने सांगितले, "आप्पांचं आहे. घर मागंच आहे, बोलावतो."

आप्पा येईपर्यंत स्वस्थ बसावे ना? पण मागच्या सीटवर पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी माझ्याकडे बघत होत्या, आणि बघणारे असले की माणसाच्या अंगात ज्ञान संचारते. माझ्या मनात आले, प्लग तर नवे आहेत. मग दोष वायरींचा असेल. हा तर्क योगायोगाने बरोबर होता. त्यापुढे मी जे केले ते मात्र चूक होते. बॉनेट उघडून प्लगकडे जाणाऱ्या चारही जाड वायरी मी एका दमात दोन्ही टोकांनी उपटून काढल्या आणि मडगार्डवर ठेवल्या. मग त्यांच्याकडे पाहिले. चारही काळ्या, चारही तेलकट. कोणती कुठून काढली होती, हे सांगायला त्यांतली एकही तयार नव्हती.

ज्यांच्या घरी अशी गाडी नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. बॅटरीतून निघणारा करंट बारा व्होल्टचा, म्हणजे अगदीच दुबळा. कॉईल नावाच्या भांड्यात तारेचे दोन वेटोळे असतात, एक शेकडो फेऱ्यांचे आणि दुसरे हजारो फेऱ्यांचे. पहिल्यातला करंट एकाएकी तुटला, की दुसऱ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तो तोडण्याचे काम 'पॉइंट' नावाचे दोन इवलेसे धातूचे ओठ करतात. मग हा दाब डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर येतो. तिथे एक फिरता हात, रोटर, पंक्तीत वाढणाऱ्या वाढप्यासारखा प्रत्येक वायरीच्या तोंडाशी आपल्या पाळीने तो वाढत जातो. वायर तो प्लगपर्यंत नेते. प्लगच्या टोकाशी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट असते. ती ओलांडताना ठिणगी पडते आणि पेट्रोलची वाफ पेटते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला सहा हजार, म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. या ठिणग्यांचा क्रमही ठरलेला असतो. पद्मिनीचा क्रम एक, तीन, चार, दोन. क्रम चुकला की ठिणगी पडते खरी, पण भलत्या वेळी पडते. आणि भलत्या वेळची ठिणगी इंजिनाला पुढे नेण्याऐवजी मागे ढकलते.

आप्पा आले. साठी उलटलेली, अंगावर पाडव्याचा नवा सदरा. त्यांनी बाह्या वर केल्या आणि विचारले, "काय व्हयनं, भाऊ?"

आमच्याकडच्या पश्चिमेच्या पट्ट्यात, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, धुळे या भागांत घरोघरी आहिराणी बोलतात. माझी आईही तीच बोलत असे. पण जळगावला मास्तर झाल्यापासून मी ती भाषा कपाटात ठेवलेल्या लग्नातल्या कोटासारखी ठेवून दिली होती. आप्पांनी मडगार्डवरच्या वायरी पाहिल्या आणि त्यांचे डोळे विस्फारले. "समद्या एकदम काढ्यात?"

माझ्या तोंडून आपोआप उत्तर गेले, "हा, आप्पा. मनं चुकनं."

मागच्या सीटवरून मुलीचा आवाज आला, "पप्पा, ही कोणती भाषा? तुम्हाला येते?"

मी तिला उत्तर दिले नाही. आप्पांचे काम सुरू झाले होते, ही सबब मला पुरली.

आप्पांनी आधी कशालाही हात लावला नाही. त्यांनी बॅटरीवर गाडीतला दिवा लावून आत नीट पाहिले आणि विचारले, पॉइंटची सिस्टीम आहे, की कुणी इलेक्ट्रॉनिक बसवून घेतली आहे? जुन्या गाड्यांत अनेकांनी तसे करून घेतले आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. त्यांनी झाकणाच्या दोन क्लिपा सोडल्या, पॉइंट पाहिले आणि मान हलवली. मग मला म्हणाले, मास्तर, आधी गाडी ओळखायची. प्लगपासून वायर धरून मागे मागे जायचे. पाच तोंडांचे गोल झाकण लागले तर डिस्ट्रिब्युटर. चार तोंडे प्लगांची, मधले कॉईलचे. वायरी एका चौकोनी ठोकळ्यात जात असतील तर तिथे डिस्ट्रिब्युटर नाही. एक कॉईल दोन प्लगांना एकदम ठिणगी देते, एक कामाची आणि दुसरी वाया जाणारी. आणि वायरीच दिसल्या नाहीत तर घाबरायचे नाही. हल्लीच्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉईल बसलेली असते. मग ते हसून म्हणाले, एक गिऱ्हाईक तर डिझेलच्या जीपमध्ये असले प्लग शोधत बसले होते. डिझेलला ठिणगी लागतच नाही. नुसती हवा दाबूनच ते पेटते. ज्याला ठिणगी लागत नाही त्याला 'तुझी ठिणगी कुठे आहे' असे विचारण्यात अर्थ काय?

मी वही काढून हे लिहून घेतले नाही, पण ते माझ्या मनावर लिहिले गेले. कारण 'आधी गाडी ओळखायची' हे शब्द ऐकताना मला गाडी दिसत नव्हती. सहावीच्या वर्गातला एक मुलगा दिसत होता.

तो मुलगा पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला. त्याचे वडील जळगावला डाळमिलमध्ये हमालीला लागले, म्हणून तो आमच्या शाळेत आला. ही गोष्ट त्या पाडव्याच्या सात-आठ वर्षे आधीची. पहिल्या आठवड्यात मी पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून त्याला विचारले, "चित्रात काय दिसतं?" तो उभा राहिला आणि मोकळ्या आवाजात म्हणाला, "पोऱ्या पानी पी ऱ्हायना." चित्रात मुलगा पाणीच पीत होता. उत्तर शंभर टक्के बरोबर होते. वर्ग हसला. वर्ग हसला याचे मला फारसे दुःख नाही, मुले कशालाही हसतात. मीही हसलो. आणि म्हणालो, "नीट मराठीत बोल."

त्यानंतर तो वर्गात बोलला नाही. प्रश्न विचारला की उभा राही, ओठ घट्ट मिटून फळ्याकडे पाहत राही. मी ठरवले, मुलगा मंद आहे. पेटत नाही, त्या अर्थी प्लग निकामी. तोच तो न्याय. मग मास्तरच्या कर्तव्याला जागून मी उपाय सुरू केले. त्याची जागा बदलली, शेजारचा मित्र बदलला, शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घेऊ लागलो, पाढ्यांच्या जोडीला शुद्धलेखन लावले, वडिलांना बोलावून त्यांच्यासमोरच त्याची उजळणी घेतली. एका महिन्यात त्या पोराच्या आयुष्यातली एकही वायर मी जागेवर राहू दिली नाही. दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. वडिलांनी त्याला गावी नेऊन सोडले, एवढेच कळले.

हे सगळे अज्ञानातून झाले असे म्हणून सुटका करून घेता आली असती, पण एक आठवण मला तसे करू देत नाही. मधल्या सुट्टीत एकदा मी शिक्षकखोलीच्या खिडकीशी बसलो होतो. खाली लिंबाच्या झाडाखाली हा मुलगा चार-पाच पोरांना गोष्ट सांगत होता. आहिराणीत. हातवारे करीत, आवाज बदलत, नेमक्या जागी थांबत. पोरे डबे खायची विसरली होती. मी कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य. गोष्ट कशी सांगावी हे मला थोडेफार कळते. तो चांगली सांगत होता. आणि मला शब्दनशब्द समजत होता, कारण ती माझ्या आईची भाषा होती. तेव्हा माझ्या मनात काय आले? 'हीच हुशारी अभ्यासात दाखवील तर!' एवढे मनात आणून मी खिडकी लावून घेतली.

पारोळ्याच्या रस्त्यावर हे आठवत असताना आप्पांनी पहिला प्लग काढला, त्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि मला सेल्फ मारायला सांगितले. पिस्टन दोनदा वर येतो. एकदा वाफ दाबायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला. त्यातला दाबण्याचा फेरा कोणता, हे त्यांचा अंगठा ओळखत होता. हवेचा जोर अंगठ्याला उचलू लागला तेव्हा त्यांनी हात वर केला, मी थांबलो. त्यांनी रोटर कुठे बघतो आहे ते पाहिले. ते तोंड पहिल्या प्लगचे. तिथून रोटर फिरतो त्या दिशेने तीन, चार, दोन. चारही जुन्या वायरी जिथल्या तिथे गेल्या. गाडी सुरू झाली. आणि अर्थातच पूर्वीसारखी लंगडू लागली.

"आते दिवा बंद करा," आप्पा म्हणाले.

मी गाडीतले दिवे घालवले. चहावाल्याने आपला बल्बही घालवला. पाडव्याची रात्र म्हणजे चंद्र नसल्यासारखाच. आप्पांनी बाटलीतले पाणी बोटांनी वायरींवर शिंपडले. आणि त्या अंधारात इंजिनाच्या अंगावर निळ्या ठिणग्यांची एक बारीक माळ चमकू लागली. दोन वायरींच्या रबराला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच त्या चिरांतून शेजारच्या लोखंडात उडी घेत होती. माझी मुलगी टाळ्या वाजवीत म्हणाली, "पप्पा, फुलबाजी!"

ठिणगी होती. भरपूर होती. ती वाटेत गळत होती.

आप्पांनी समजावून सांगितले ते असे. विजेला सोपी वाट आवडते. गाडी उभी असताना सिलिंडरातला दाब कमी, त्यामुळे चिरलेल्या वायरीतूनही ठिणगी कशीबशी प्लगची फट ओलांडते आणि वाटते, सगळे ठीक आहे. चढ लागला, गाडीवर भार आला, की आतला दाब वाढतो. फट ओलांडायला जास्त जोर लागतो. मग वीज ती वाट सोडते आणि चिरेतून बाहेर पळते. म्हणून गाडी अंगणात नीट चालते आणि चढावर उचक्या देते. मला लिंबाचे झाड आणि सहावीचा वर्ग आठवला. झाडाखाली भार नव्हता. वर्गात, चाळीस मुलांच्या आणि एका हसणाऱ्या मास्तराच्या समोर, तीच ठिणगी फट ओलांडीत नव्हती. मी मात्र प्लग बदलत बसलो होतो.

आप्पांनी गॅरेज उघडले, खिळ्याला टांगलेला नव्या वायरींचा जुडगा आणला आणि काम मला करायला लावले. इंजिन जरा निवू दिले. मग पहिली वायर काढली. ती ओढायची नाही, टोकाची टोपी धरून जरा पिळून काढायची. जुनी वायर नवीशेजारी धरून लांबी जुळवायची. नवी बसवायची, 'टक्' असा आवाज होऊन ती घट्ट बसली की मगच दुसरीला हात लावायचा. एका वेळी एक. एका वेळी एक काढली तर क्रम चुकणे शक्यच नाही, आणि काही चुकलेच तर कशाने चुकले हे कळते. चार वायरी बदलायला पंधरा मिनिटे पुरली. गाडी सुरू केली तेव्हा तिचा आवाज इतका सरळ होता, की माझी पत्नीदेखील काही बोलली नाही. आप्पांनी वायरींचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. सणाच्या दिवशी रस्त्यावर अडलेल्या माणसाकडून घेत नाही, म्हणाले.

माणूस म्हणजे यंत्र नव्हे, हे मला कुणी सांगायला नको. प्लगचा संशय आला तर दोन सिलिंडरांचे प्लग अदलाबदल करून बघता येतात. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब, जागेवरच राहिला तर दुसरे काही. मुलांच्या बाबतीत अशी अदलाबदल करता येत नाही. म्हणूनच माणसाच्या बाबतीत ओळखण्याची जबाबदारी अधिक, कमी नव्हे. जिथे बदलून बघण्याची सोय नाही, तिथे बघून बदलावे लागते.

काही वाचक विचारतील, मग मुलांना प्रमाण मराठी शिकवायचीच नाही काय? घरातल्या बोलीवरच त्यांना सोडून द्यायचे? मुळीच नाही. तसे करणे म्हणजे चिरलेल्या वायरीवर गाडी चालवणे. त्या मुलाला पुढे कचेरीत जायचे होते, अर्ज लिहायचे होते, कदाचित पुस्तकेही लिहायची होती. त्याला नव्या वायरीची गरज होतीच. पण नवी वायर जुनीच्या मापाने घ्यावी लागते. जुनी शेजारी धरल्याशिवाय नवी किती लांब हवी ते कळत नाही. "पोऱ्या पानी पी ऱ्हायना" हे वाक्य फळ्यावर लिहून त्याच्या शेजारी "मुलगा पाणी पीत आहे" असे लिहिले असते, तर त्या दिवशी सगळा वर्ग व्याकरण शिकला असता, आणि त्या मुलाने शिकवले असते. हे करायला मला पदवी लागत नव्हती. मला दोन्ही भाषा येत होत्या. त्या वर्गात ती वायर जोडू शकणारा बहुधा मी एकटाच होतो.

२०११च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली, आणि ती मातृभाषा म्हणून सांगणारांची संख्या अठरा लाखांच्या वर भरली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले. पण धोरण वर्गात येऊन उभे राहत नाही. वर्गात मास्तर उभा असतो, आणि तो हसतो किंवा हसत नाही.

नीतीचा प्रश्न असा आहे. जे मला ठाऊक नव्हते त्याबद्दल मी दोषी कसा? या प्रश्नावर थोर लोकांनी पुष्कळ विचार केला असेल. आमच्या अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले ते अशाच प्रश्नांच्या अभ्यासासाठी. माझ्यापुरते उत्तर मला बॉनेटखाली सापडले. न कळणे आणि न बघणे या दोन गोष्टी आहेत. कोणती सिस्टीम आहे हे मला ठाऊक नसणे हा दोष नाही. झाकण न उघडता वायरी उपटणे हा दोष आहे. आणि खिडकीतून ठिणगी दिसत असताना खिडकी लावून घेणे, याला तर अज्ञान हे नावच शोभत नाही.

चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसाने बॅटरी व कॉईलची पद्धत मोटारीत रुळवली. १९१०च्या कॅडिलॅक गाडीत ती आली. हा गृहस्थ तरुणपणी ओहायो राज्यातल्या एका खेड्याच्या शाळेत मास्तर होता, आणि डोळ्यांच्या दुखण्यामुळे त्याचे कॉलेज मध्येच सुटले होते. पुढे तो पुन्हा शिकला. ज्याला फळा नीट दिसत नाही त्याच्यात काही दम नाही, असा निकाल कुणी कायमचा दिला असता तर माझी पद्मिनी कशी पेटली असती, हे मी कधीकधी मनात आणतो.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती वायरीच्या मानाविषयी. वायर स्वतः पेटत नाही, उजेड देत नाही; तिची कुणी स्तुती करीत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती ऐकायला तुरुंगातली माणसे होती, आणि ती लिहून घेणारे साने गुरुजी होते. गुरुजी त्याआधी सहा वर्षे अमळनेरला मास्तरच होते. त्या भिंतींच्या आत उच्चारलेले शब्द 'गीताप्रवचने' म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले ते त्या लिहिणाऱ्या हातामुळे. स्वतः इतका भरलेला लेखक, पण तिथे त्यांनी फक्त वाहून नेले. वाटेत गळू दिले नाही. मास्तराचे काम पुष्कळ वेळा इतकेच असते असे मला आता वाटते. ठिणगी आपली नसते. ती ज्याची आहे त्याच्यापासून जिथे पोचायला हवी तिथपर्यंतची वाट तेवढी आपण.

त्या रात्री आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा पांझरेच्या पुलावरून देवपुरातले आकाशकंदील दिसत होते. बहीण दारातच उभी होती. "इतका उशीर?" असे तिने मराठीत विचारले, कारण माझ्याशी ती मराठीतच बोलत असे, मीच कधीकाळी तिला ती सवय लावली होती. मी तिला आहिराणीत उत्तर दिले. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ओवाळताना ती आणि मी आईच्या भाषेत बोललो, आणि माझी मुलगी मध्ये बसून प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारीत राहिली. हल्ली तिला बरीच समजते.

शाळेतही मी एक नेम केला आहे. जूनमध्ये नवा मुलगा वर्गात आला, की पुस्तक उघडण्यापूर्वी त्याला विचारतो, घरी काय बोलता? कुणी आहिराणी सांगतो, कुणी लेवा, कुणी पावरी, कुणी उर्दू. आहिराणी असली तर मी दोन वाक्ये तिच्यात बोलतो. दुसरी असली तर दोन वाक्ये त्याच्याकडून शिकतो. याने चमत्कार होत नाहीत. काही मुले तरीही नापास होतात. पण ती का नापास झाली हे निदान मला बघता येते.

तो मुलगा आता पंचविशीच्या आसपास असेल. मी त्याच्या गावी दोनदा जाऊन आलो. कुटुंब सुरतेकडे गेले एवढेच कळले. भेटला असता तर त्याला सांगायचे फार काही नव्हते. दोनच शब्द होते, त्याच्याच भाषेतले. ते मी पारोळ्याच्या रस्त्यावर, अंधारात, भलत्याच माणसाजवळ बोलून बसलो.